नाकाची मूळ प्रत

त्या सकाळी आईने आरशासमोर नाक काढलं, कापसाने त्याच्या कडा पुसल्या, ते बशीत ठेवलं आणि चहा गाळायला घेतला. लेक टेबलाशी प्रुफं तपासत बसली होती. बशी कागदांच्या अगदी शेजारी आली, तसे तिने कागद जरासे मागे ओढले.

"घाबरू नकोस, ते शिंकणार नाही," आई म्हणाली.

नाक जुनं झालं होतं. सिलिकॉनचं नाक माणसाच्या नाकापेक्षा फार लवकर म्हातारं होतं. त्याचा रंग पिवळट पडतो, आणि रोज गोंद लावून रोज सोडवल्यामुळे पातळ कडा झिजून त्यांना बारीक दात येतात. आईच्या नाकाला तसे दात आले होते. वरची कड चष्म्याखाली झाकली जायची, गालाकडची उघडी पडायची. आज नवं मिळणार होतं, म्हणून आई खुशीत होती. चहा गाळताना गुणगुणत होती. नाकाशिवाय तिची गुणगुण मोकळी यायची, कुणी गरम कपावर फुंकर घालावी तशी.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कर्करोगाबरोबर अख्खं नाक काढलं आणि बाकीची आई घरी पाठवली. तेव्हापासून घरात तो शब्द बंद झाला. बंद केला तो लेकीने. आईने कधी तसं सांगितलं नव्हतं. पण मराठीत बोलायचं आणि त्यातून नाक वगळायचं, हे किती कठीण आहे ते तिला तेव्हा कळलं. कुणी नाक मुरडतं, कुणी खुपसतं, कुणाच्या नाकी नऊ येतात. वाक्य सुरू करावं आणि मध्येच पाय अडखळावा. प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलेली बाई ती, शब्द गाळणं तिला जमत होतं. ती 'नाकारलं' म्हणायच्या ऐवजी 'नको म्हटलं' म्हणायची. नाक्यावरचं दुकान तिच्या बोलण्यात कोपऱ्यावरचं झालं. आणि त्या सिलिकॉनच्या वस्तूला ती नुसतं 'ते' म्हणायची. ते धुतलंस का, ते डब्यात ठेवलंस का.

"जुन्या काळी बायका नवऱ्याचा उल्लेख असा करायच्या," आई म्हणायची. "अगं, नाक म्हण. लाजतेस काय त्याला?"

आई स्वतः मात्र त्या शब्दाची लयलूट करायची. ती शाळेत गणित शिकवायची. पस्तीस वर्षं वर्ग तिला टरकून असायचा. उंच, मधोमध उंचवटा असलेलं, शेंड्याशी किंचित डावीकडे झुकलेलं तिचं नाक आधी वर्गात शिरायचं आणि मागून ती. मुलं तिला गरुडबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. "राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणायचे सगळे," ती ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या बायकांना सांगायची. "आता बिचाऱ्याला बसायला जागा राहिली नाही." बायका हसावं की रडावं या विचारात चहा संपवायच्या. लेक उठून स्वयंपाकघरात जायची.

पहिलं नाक केलं ते हॉस्पिटलच्या चेहऱ्याच्या विभागातल्या एका बाईंनी. कान गेला असता तर सोपं होतं, त्यांनी सांगितलं होतं. उरलेल्या कानाचं स्कॅन घ्यायचं, संगणकात ते आरशासारखं उलटवायचं, त्यावरून साचा छापायचा आणि साच्यात सिलिकॉन ओतायचं. नाकाला जोडीदार नसतो.

"म्हणजे देवाने एकच प्रत काढली," आई म्हणाली.

मग त्या बाईंनी पडद्यावर नाकांचा संग्रह दाखवला. निरनिराळ्या माणसांची नाकं, हवेत तरंगणारी, करड्या रंगाची. आईने दुकानात चपला बघाव्यात तशी ती पाहिली. "सगळी चांगल्या घरची दिसताहेत," ती म्हणाली. "माझ्या तोंडाशी नाही जमायचं यांचं."

रक्ताच्या नात्यातलं कुणी आहे का, बाईंनी विचारलं. तसा मामा होता. आईचा थोरला भाऊ, नाक अगदी तेच, तेवढंच उंच, तेवढंच डावीकडे. बाथरूमच्या नळांचं मोठं दुकान होतं त्याचं, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेल्या त्याच्या मोठ्या फोटोत ते नाक दुकानाच्या पाटीपेक्षा ठळक दिसायचं. आमच्या घराण्याचं नाक, असं तो जन्मभर छाती फुगवून सांगत आला होता. पण त्या दोन मिनिटांच्या स्कॅनसाठी यायला तो तयार झाला नाही. पुरुषाचं नाक बाईला कसं शोभेल, म्हणाला. दुकान सोडून येता येत नाही, म्हणाला. शेवटी म्हणाला, "उद्या लोक म्हणतील, याचं नाक बहिणीला लावलंय. बरं दिसतं का ते?"

बहिणीला नाक नाही, हे बरं दिसत होतं. लेकीने त्या दिवशी फोन ठेवला आणि मामाशी महिनाभर बोलली नाही.

नाक तिच्याकडेही होतंच. लहानपणी याच नाकापायी तिला पोपट म्हणून चिडवायचे. खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून, श्वास रोखून ती बसली. बाईंनी इस्त्रीएवढं एक यंत्र तिच्या चेहऱ्याभोवती फिरवलं. मिटल्या पापण्यांवरून प्रकाशाचे पट्टे सरकत गेले. शेजारी आई बसली होती, तोंडावर बँडेज बांधून.

"हलू नकोस," आई म्हणाली. "जन्माच्या वेळी उसनं दिलं होतं, तेच परत घेतेय."

बाईंनी पुढे आठवडाभर खपून त्या नाकाला आईचं वय दिलं. जरा रुंद केलं, त्वचेची छिद्रं मोठी केली. लहानपणी झोक्यावरून पडून आईच्या डाव्या नाकपुडीला एक बारीक खोक पडली होती. लेकीने ती जागा बोटाने दाखवली आणि बाईंनी ती कोरली. सिलिकॉनमध्ये लाल धाग्यांचे बारीक तुकडे मिसळले, म्हणजे कातडीखाली शिरा असल्यासारख्या वाटतात. ते नाक लावून आई पहिल्यांदा घरी आली तेव्हा दारातच थांबली, आणि तिने वर्गात शिरायची तशी मान उचलली. लेकीला तेव्हा पोटातून काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "ते नीट बसलंय."

आता त्या बाई दुसऱ्या गावी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक गृहस्थ आले होते. चाळिशीचे, मऊ आवाजाचे, प्रत्येक वाक्य तेल लावून सोडणारे. आईने त्यांचं नाव गुळगुळीतराव ठेवलं होतं.

त्या दिवशी विभागात धांदल चालली होती. फरशी घासत होते, कुंड्या इकडून तिकडे हलवत होते. "उद्या बाहेरून पाहुणे येताहेत आमचं काम बघायला," गुळगुळीतराव म्हणाले, आणि त्यांनी मखमली डबी उघडावी तसा पांढरा प्लॅस्टिकचा डबा उघडला.

आतलं नाक सुंदर होतं. सरळ, आखीव, दोन्ही नाकपुड्या एकमेकींच्या जुळ्या. ते त्यांनी आईच्या चेहऱ्यावर बसवलं, कडा हलकेच दाबल्या आणि आरसा दिला.

"थोडं सुधारलंय, बाई," ते म्हणाले. वाढदिवसाची भेट द्यावी असा चेहरा होता. "तो उंचवटा काढून टाकला. टोक मध्यावर आणलं. डाव्या बाजूला खाच होती, तीही भरली."

आई बराच वेळ आरशात बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

गुळगुळीतराव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

लेकीच्या धंद्यात एक साधा नियम होता. लेखकाने लिहिलेलं तुम्हाला आवडत नसेल, तर नसू द्या. तुम्ही छपाईची चूक दुरुस्त करायची, माणूस दुरुस्त करायचा नाही. आणि कुणी अगोचरपणा करून चांगला शब्द खोडलाच, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, आहे तसं ठेवा. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या दिवशी सांगतात.

"आम्ही ते आधीसारखंच करून मागितलं होतं," ती म्हणाली. "हे बदलायला कुणी सांगितलं?"

"ताई, कुणी सांगायला कशाला हवं? एवढी सोय आहे आता. पडद्यावर दोन मिनिटांचं काम."

"मग दोन मिनिटांत परत करा."

"मूळ फाइल आता नाहीये ना. तिच्यावरच काम केलं, तिच्यावरच सेव्ह झालं."

"प्रत न ठेवता?"

"दोषांची प्रत कशाला ठेवायची?" गुळगुळीतराव मनापासून म्हणाले. तोपर्यंत त्यांनी जुनं नाक चिमट्याने उचलून एका ट्रेमध्ये ठेवलं होतं. "हे असू द्या आमच्याकडे. रंग जुळवायला लागेल पुढे."

ती पुढे झाली, तर आईने तिचं मनगट धरलं. बाहेर माणसं ताटकळली होती. एक आजोबा, एका डोळ्यावर पट्टी. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि उठली.

"आज नको," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "त्यांची उद्याची घाई आहे. पुढच्या आठवड्यात येऊ आणि भांडू. मी त्याला भूमिती शिकवते. दोन बाजू सारख्या आल्या की उत्तर बरोबर आलं, असं वाटतंय त्याला." मग चालता चालता म्हणाली, "पण तू भांडताना 'ते, ते' नको करूस हं. पोलिसांनी जप्त केलेल्या हत्याराबद्दल बोलावं तशी बोलतेस. नाक म्हणायचं. ठणकावून."

"बरं," लेक म्हणाली.

"म्हणून दाखव."

"पुढच्या आठवड्यात."

संध्याकाळी मामा आला. मुलाच्या लग्नाचं बोलायला आला होता. नवं नाक बघून त्याने टाळी वाजवली. "हां! आता कसं चारचौघांत बसण्यासारखं दिसतंय. आधीचं म्हणजे जरा..." आणि पुढचं वाक्य त्याच्या स्वतःच्या नाकावर आपटून थांबलं.

"आधीचं तुझ्यासारखं होतं, दादा," आई म्हणाली. "घे, बिस्कीट घे."

मामाने घेतलं. चहात बुडवलेलं अर्धं कपातच राहिलं, ते त्याने चमच्याने काढलं. मग म्हणाला, "लग्नात आता पहिल्या रांगेत बसायचं तू."

"म्हणजे पहिल्या रांगेत हे बसणार," आई नव्या नाकावर टिचकी मारत म्हणाली, "आणि मी त्याच्या मागे."

तो गेल्यावर तिने ते काढलं, डब्यात ठेवलं आणि डबा कपाटात सर्वांत वरच्या खणात सरकवला. "घरात तरी नाही घालणार. अजून आमची ओळख नाही झाली." मग दोघींनी मिळून शब्दकोडं सोडवलं. आईने एक शब्द चुकीचा लिहिला आणि तो बरोबर असल्याबद्दल पाच मिनिटं वाद घातला. असा तो दिवस होता. त्यात आणखी काही नव्हतं.

सकाळी चहाचा आवाज आला नाही. आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, मान भिंतीला टेकलेली, ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले. समोरच्या इमारतीतले डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, आणि चप्पल घालताना उगाचच दोनदा सॉरी म्हणाले.

मामा आला तो डोळे लाल करून आला. पाठची बहीण होती, रडला खरोखरचा. पण रडून झाल्यावर त्याच्यातला दुकानदार जागा झाला. फोन केले, माणसं लावली, चार वाजता न्यायचं ठरवलं. लोक दोनपासून येतील, तो म्हणाला. मग कपाटातून तो पांढरा डबा काढून तो लेकीपुढे आला.

"हे लावून घे आधी."

"हे नाही."

"मग काय तोंड उघडं ठेवायचं? पस्तीस वर्षांचे विद्यार्थी येतील तिचे. नव्या सोयरिकीतले लोक येतील."

"मी आणते."

"काय आणतेस?"

"ते. जुनं. विभागात राहिलंय."

"अगं, ते फाटकं झालं होतं," मामा म्हणाला. "आणि आई घरात अशी असताना तू बाहेर जाणार? लोक काय म्हणतील?"

"आई घरात अर्धी आहे, मामा. उरलेली आणायला जाते." ती शेजारच्या काकूंकडे वळली. "काकू, तिच्याजवळ बसाल ना?" काकू आधीच बसल्या होत्या.

विभागाच्या दारात कालच्या कुंड्या रांगेत उभ्या होत्या. मोठ्या खोलीत दहा-बारा माणसं खुर्च्यांवर बसली होती, गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या, हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या. समोर टेबलावर पांढरं कापड. कापडावर दोन ट्रे. एका ट्रेपुढे चिठ्ठी होती, 'सुधारणेपूर्वी'. दुसऱ्यापुढे, 'सुधारणेनंतर'. दुसऱ्यात त्या सरळ नाकाची आणखी एक प्रत होती. पहिल्यात आईचं नाक होतं.

रंग जुळवायला ठेवलं होतं म्हणे.

भिंतीवरच्या पडद्यावर त्याच नाकाचा एका बाजूने काढलेला फोटो होता, माणसापेक्षा मोठा, आणि उंचवट्याभोवती लाल वर्तुळ काढलेलं होतं. परीक्षेत चुकलेल्या गणिताभोवती काढावं तसं. विभागप्रमुख छडी घेऊन समजावत होते. "मूळ रचनेत तीन ठळक दोष आहेत. हा उंचवटा. हे टोक, डावीकडे ढळलेलं. आणि ही नाकपुडी पाहा, हिची कड तुटलेली आहे. हाताने काम करणारा माणूस अशा गोष्टी तशाच वाहून नेतो. संगणकाला त्या एका क्षणात दिसतात."

ती दाराच्या चौकटीत उभी होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, सौजन्याने मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. नाक या विषयातली एवढी जाणती माणसं त्या खोलीत जमली होती. पडद्यावर नाक, ट्रेमध्ये नाक, दारात नाक, तिन्ही एकच. कुणाला म्हणून कुणाला दिसलं नाही.

गुळगुळीतराव मात्र लगबगीने आले. "ताई, आज कशा काय? पाहुणे आहेत हो. अर्ध्या तासाने..."

"आई गेली. सकाळी."

"अरेरे." त्यांचा चेहरा खरंच पडला. मग न राहवून त्यांनी विचारलं, "नवं नीट बसलं होतं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ती ज्या घरात वाढली होती तिथे वर्गात हात उगारायची पद्धत नव्हती. तिथे प्रश्नाचं उत्तर फळ्यासमोर जाऊन द्यायचं असे. ती टेबलाकडे चालू लागली.

"ते मला न्यायचंय," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी छडी खाली केली. "ते म्हणजे?"

"हे. पहिल्या ट्रेमधलं."

गुळगुळीतरावांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. प्रमुखांनी हात जोडले, मोठं दुःख झालं म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण हे आमच्या नमुन्यांत गेलं आहे हो. शिकवायला उपयोगी पडतं. तुम्हाला भावना म्हणून हवं असेल तर दुसऱ्याची आणखी एक प्रत काढून देऊ, त्यात काय. परवापर्यंत."

"आईला चार वाजता न्यायचंय."

"हो, पण नियम..."

पहिल्या रांगेतल्या एका वयस्क पाहुण्या बाईंनी बाटली खाली ठेवली होती. त्या कधीच्या लेकीकडे बघत होत्या. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "हे सुधारणेपूर्वीचं नाक मुळात कुणावरून घेतलं होतं?"

लेक पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने मान वळवली. बस, एवढंच केलं. उंचवटा उंचवट्याशेजारी आला, टोक टोकाशेजारी, आणि लाल वर्तुळाची एक कड प्रकाशात तिच्या गालावरून गेली. एका खुर्चीवरून कुणीतरी श्वास आत ओढला. कुणीतरी वहीत लिहीत होतं, ते थांबलं.

"यात तीन ठळक दोष आहेत," ती म्हणाली. "पहिला माझ्या आजोबांचा. दुसराही त्यांचाच. तिसरा माझ्यात नाही. तो आई सात वर्षांची असताना झोक्यावरून पडली त्याचा आहे. तो मी मुद्दाम सांगून करून घेतला होता. तुम्ही तो भरलात. तुम्हाला वाटलं, छपाईची चूक आहे."

प्रमुख आधी गोरेमोरे झाले. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम आनंद आला, आणि तेच तिला सर्वांत असह्य झालं. "पण मग प्रश्नच मिटला की! मूळ इथेच आहे. आत्ता पाच मिनिटं बसा, तुमचं पुन्हा स्कॅन घेऊ, म्हणजे फाइलही परत..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिने ट्रेमधून ते उचललं, स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. कुणी अडवलं नाही. मग तिने पर्समधला लाल पेन काढला, चिठ्ठीवरचं 'सुधारणेपूर्वी' एका सरळ रेघेने खोडलं आणि वर लिहिलं, 'मूळ प्रत. घरी नेली.' सवयीने तिने शेवटी पूर्णविराम दिला. निघताना त्या वयस्क बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. बाकीचे बसून होते.

घरी पोचली तेव्हा जिन्यात चपलांची रांग लागली होती. आत पुढच्या खोलीत आईला ठेवलं होतं, आणि आईच्या चेहऱ्यावर ते दुसरं होतं. मामाने थांबायचं नाही असं ठरवलं होतं. गोंद कसा लावायचा ते त्याला माहीत नव्हतं. उजवीकडची कड उचललेली, डावीकडे गोंद गालावर आलेला. आईची भुवई, आईचं कपाळ, आईचे घट्ट मिटलेले ओठ, आणि मध्ये कुणीतरी परकी, देखणी, आगाऊ बाई येऊन बसलेली.

"किती शांत दिसताहेत," कुणी म्हणालं.

"अगदी झोपल्यासारख्या."

मागे भिंतीशी उभा असलेला एक टक्कल पडलेला माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला, "बाई नाही रे वाटत या."

ती आईच्या डोक्याशी खाली बसली. काकूंनी न सांगता कापूस आणि गोंदाची बाटली आणून दिली. तिने उचललेल्या कडेखाली नख सरकवलं आणि ते परकं सोडवलं. तीन वर्षं जे ती आणि काकू सोडून कुणी पाहिलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर उघडं पडलं. काहींनी माना वळवल्या. तिने घाई केली नाही. कापूस ओला केला, गालावरचा गोंद पुसला, कातडी कोरडी केली. रुमाल उघडला. झिजलेल्या कडांवर, त्यांच्या बारीक दातांवर, ब्रशने गोंद फिरवला. तो चिकट व्हायला जरा वेळ जाऊ द्यावा लागतो. तेवढा वेळ ती ते हातात धरून बसून राहिली.

"अगं, काय हे सगळ्यांसमोर," मामा वाकून तिच्या कानाशी पुटपुटला. "ते झाक आधी. ते जुनं नको, लाज वाटते. ते..."

तिने मान वर केली. मामाचा चेहरा अगदी जवळ होता. तोच उंचवटा, तेच डावीकडे झुकलेलं टोक, रडून लाल झालेलं.

"'ते' नाही, मामा," ती म्हणाली. आवाज बेताचाच होता, पण मागच्या भिंतीपर्यंत गेला. "नाक. हे आईचं नाक आहे. माझ्यावरून काढलेलं. तू आपलं द्यायला नाही म्हणालास तरी ते तुझंही आहे."

मामाचा हात चेहऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तो सावकाश तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

तिने नाक बसवलं. वरची कड आधी, मग बाजू, अंगठ्याने हलके दाबत, आई रोज सकाळी करायची तसं. डाव्या नाकपुडीच्या खाचेवरून बोट फिरवून पाहिलं. चष्मा चढवला. मागे तो टक्कल पडलेला माणूस एकदम ताठ उभा राहिला, हात मागे बांधून, वर्गात उभं राहावं तसा.

ती आईच्या कानाशी वाकली, पण कुजबुजली नाही. आईने ठणकावून म्हणायला सांगितलं होतं.

"आई," ती म्हणाली, "नाक आणलं बघ. तुझं नाक."